जनरल अ‍ॅव्हरेजचं पत्र आलंय आणि मूव्हर म्हणतोय ‘थांबा’? थांबू नका

नमस्कार. तुमची पोस्ट वाचली आणि 2024 सालचा तोच गोळा पुन्हा पोटात आला. तुमचं न्यू जर्सीहून पुण्याला निघालेलं घरसामान, जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग, जहाज परत बंदरात, आणि आता जहाज वाचवण्याच्या खर्चात वाटा मागणारं ‘जनरल अ‍ॅव्हरेज’चं पत्र. तुम्ही विचारताय की आमची खोकी शाबूत आहेत, आग आम्ही लावलेली नाही, मग पैसे आम्ही का भरायचे, आणि कोर्टात जाता येईल का? शेवटी सामान पाठवणाऱ्या कंपनीबद्दल सहज लिहिलंय, ‘मूव्हर म्हणतो थांबा, आम्ही बघतो.’ त्या शेवटच्या वाक्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

आमचं सामान डाली जहाजावर होतं. 26 मार्च 2024 ला रात्री दीडच्या सुमाराला बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल पाडणारं तेच जहाज. कोलंबोकडे निघालं होतं, आमचा कंटेनर तिथून पुढे न्हावा शेवाला यायचा होता. आम्ही तोवर नाशिकला पोचलो होतो, आणि तो व्हिडिओ आम्ही भावाच्या घरी चहा पिताना पाहिला. माझी पत्नी कित्येक वर्षं त्याच पुलावरून डंडॉकला कामाला जायची. पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. जहाजावरून वेळेत मेडे, म्हणजे संकटाचा संदेश, गेला आणि पोलिसांनी गाड्या अडवल्या, नाहीतर किती गेले असते कुणास ठाऊक. त्या सहा घरांपुढे आमची खोकी म्हणजे काहीच नाही, हे मनापासून सांगतो. जहाजावर वीस भारतीय खलाशी होते, तेही कितीतरी आठवडे तिथंच अडकले होते. पण तुमचा प्रश्न खोक्यांचा आहे, म्हणून त्याबद्दलच बोलतो.

जनरल अ‍ॅव्हरेज म्हणजे काय ते तुम्ही एव्हाना वाचलं असेलच. जहाज आणि माल वाचवायला जो खर्च होतो, तो जहाजमालक आणि मालवाले आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. नियम फार जुना आहे, 2021 मध्ये सुएझमध्ये अडकलेल्या एव्हर गिव्हनलाही हाच लागला होता. तुम्हाला अन्याय वाटतो, मलाही वाटला होता. पण आपला वाटा भरण्याची लेखी हमी चूक कुणाची ह्यावर अडून राहत नाही. डालीच्या अपघाताचं कारण, म्हणजे एका वायरवरचं लेबल आड आल्यामुळे ती विजेच्या जोडणीत पूर्ण बसली नव्हती आणि जहाजाची वीज गेली, हे तपासयंत्रणेनं अधिकृतपणे सांगितलं नोव्हेंबर 2025 मध्ये. तोवर आम्ही वाट पाहत बसलो असतो तर? हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही, वाद नंतर. त्यामुळे ‘का भरायचे’ हा प्रश्न आज बाजूला ठेवा.

आता आमची चूक. पॅकिंगच्या आधी मूव्हरनं एक फॉर्म दिला होता. त्यात दोन चौकोन होते, एक मरीन इन्शुरन्सचा आणि एक मूव्हरच्या स्वतःच्या ‘प्रोटेक्शन प्लॅन’चा. दुसरा बराच स्वस्त होता. मी विचारलं, ह्यात सगळं येतं ना? उत्तर आलं, हो, तुटलंफुटलं सगळं. मी दुसऱ्यावर टिक केली आणि आपण इन्शुरन्स घेतला अशा समजुतीत विमानात बसलो. तो इन्शुरन्स नव्हताच. मूव्हरच्या हातून काही फुटलं तर मूव्हर किती देईल, एवढाच तो करार होता. खरी पॉलिसी असली की विमा कंपनी जनरल अ‍ॅव्हरेजची गॅरंटी देते आणि तुम्ही फक्त बाँडवर, म्हणजे वाटा भरण्याच्या लेखी कबुलीवर, सही करता. पॉलिसी नसली की रोख डिपॉझिट. सागरी विम्याच्या प्रचलित कलमांमध्ये सगळ्यात साधा प्रकार ‘सी’, त्यातही जनरल अ‍ॅव्हरेज येतं. म्हणजे सर्वांत स्वस्त खऱ्या पॉलिसीनंही आमचं काम झालं असतं. डिपॉझिटचा आकडा मुद्दाम सांगत नाही, प्रत्येक जहाजाचा टक्का वेगळा निघतो आणि माझ्या आकड्यानं तुम्ही उगाच घाबराल किंवा उगाच निश्चिंत व्हाल.

पण पैशापेक्षा जास्त जिव्हारी लागलं ते वेगळंच. जहाजमालकानं एप्रिलमध्येच जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं होतं. पत्रं कंटेनर ज्याच्या नावावर बुक झाला त्याच्याकडे गेली, म्हणजे मूव्हरच्या ऑफिसकडे. मी दर आठवड्याला फोन करायचो. ‘जहाज अजून अडकलंय, आमचे लोक बघतायत, तुम्हाला काही करायचं नाही.’ मी ऐकलं. जहाज 20 मे ला मोकळं होऊन बंदरात आलं, 24 जूनला नॉर्फोकला गेलं, तरी तेच उत्तर. जुलैमध्ये त्याच कंटेनरमध्ये सामान असलेल्या एका कुटुंबातल्या बाईंनी कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, तुमचा बाँड अजून का आला नाही? तेव्हा कळलं की शेअर्ड कंटेनरमध्ये सगळ्यांची हमी आल्याशिवाय तो उघडत नाहीत. इतरांनी मे महिन्यात कागद भरले होते. आमच्यामुळे त्यांचे संसार अडकून पडले होते, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. त्या बाईंना मी काय उत्तर देणार होतो? आजही आठवलं की वाईट वाटतं. ऑफिसकडे जाब विचारला तर म्हणाले, ईमेल स्पॅममध्ये गेला असेल. तो पाठवलेलाच नव्हता. सामान आलं दिवाळीनंतर.

म्हणून आजच करा: बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीचा, नंबर मूव्हरकडून लेखी मागून घ्या आणि पत्रात वाटे ठरवणाऱ्या ज्या अ‍ॅव्हरेज अ‍ॅडजस्टरचं नाव आहे त्यांना तुम्ही स्वतः ईमेल करा. त्यांना तुमच्याशी बोलायला काही अडचण नसते, आमच्याशी तर मूव्हरपेक्षा कितीतरी नीट बोलले. सॅल्व्हेजची, म्हणजे जहाज आणि माल वाचवणाऱ्यांच्या मोबदल्याची, हमी वेगळी लागणार का, तेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि पॅकिंग लिस्टमधल्या किमती पाहा. क्लेम मोठा मिळावा म्हणून जुन्या सोफ्याला नव्याची किंमत लावली असेल तर डिपॉझिट त्याच किमतीवर मागतील. आम्ही लावली होती. ती खरी करून द्यायला आम्हाला बिलं शोधावी लागली.

मी वकील नाही, विम्याचा एजंटही नाही. तुमची पॉलिसी असेल तर कंपनीला आजच कळवा, माझ्यावर विसंबू नका. उशिराचं नुकसान मात्र साधारणपणे कुठलीच पॉलिसी देत नाही, त्यामुळे गाद्या आणि कुकर आत्ताच विकत घ्या. कोर्टाचं विचारलंत म्हणून सांगतो: डालीच्या मालकानं आठवड्याच्या आत, 1 एप्रिलला, अमेरिकेतल्या 1851 च्या कायद्याखाली आपली जबाबदारी सुमारे 4.37 कोटी डॉलरपुरती मर्यादित करून मागितली, आणि दावे दाखल करायला 24 सप्टेंबर 2024 पर्यंतच मुदत होती. आमच्यासारख्याला ती तारीख कळेपर्यंत निघून जाते. तुमच्या जहाजाबाबत असं काही दाखल झालंय का, एवढं त्याच अ‍ॅडजस्टरला विचारून ठेवा.

अजून एक, विषय थोडा वेगळा आहे. मुलांचे शाळेचे दाखले, लसीकरणाची कार्डं कंटेनरमध्ये टाकली असतील तर शाळेला आजच डुप्लिकेटसाठी लिहा. आमच्या मुलीचा प्रवेश त्यावर अडला होता. आणि न्हावा शेवाला कंटेनर लागला की थोड्याच दिवसांत स्टोरेजचं मीटर चालू होतं, क्लिअरिंग एजंट आधीच ठरवून ठेवा.

मूव्हरला फोन करण्याआधी अ‍ॅडजस्टरला ईमेल जाऊ द्या. आलेल्या फॉर्मची नावं इथं लिहा, त्यातला बाँड कुठला आणि किमतीचा तक्ता कुठला ते मी रात्री बघून सांगतो.