आक्षीला पक्षी दिसले नाहीत? दुर्बीण नको, तिथी बदला

"साताऱ्याहून दोनदा अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पक्षी बघायला जाऊन आलो, लांब तपकिरी ठिपके सोडून काही दिसलं नाही, ८ बाय ४२ ची दुर्बीण विकून मोठी घेऊ का" असं विचारलंय तुम्ही. दादा, अजिबात विकू नका, मी पण तीच वापरतो. तुम्ही दिलेल्या तारखा कॅलेंडरवर बघितल्या, एकदा सप्तमी, एकदा अष्टमी, आणि पोचलात अकरा-बाराला, म्हणजे बरोबर ओहोटीत. तेव्हा पाणी पार लांब गेलेलं असतं आणि पक्षी त्याच्या मागं मागं चरत जातात, मग ठिपकेच दिसणार.

आपल्याला सवय आपल्या साताऱ्यातल्या मायणीच्या, सूर्याचीवाडीच्या तळ्यांची. तिथं तळ्याचं पाणी जागेवर असतं, पहाटे गेलं की झालं. समुद्रावर मात्र भरतीचं गणित बघायचं, आणि ते एकदम सोपंय, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनला भरती, एकादशीला सव्वाआठला, द्वादशीला नऊला, थोडं मागंपुढं होतं पण चालतं. मी तर एकादशी-द्वादशीच धरतो, कारण किनारा पश्चिमेला आहे, सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं, संध्याकाळी तेच पक्षी नुसते काळे दिसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी नीट वर येत नाही, ते दिवस सोडाच.

भरतीच्या दोन तास आधी जाऊन सुरूच्या झाडांच्या कडेला खाली बसायचं आणि हलायचं नाही. पाणी चढत येतं तसे पक्षी आपोआप तुमच्याकडं सरकतात. मागच्या फेब्रुवारीत सँडरलिंग या छोट्या किनारी पक्ष्यांचा थवा माझ्यापासून वीसेक फुटांवर आला होता, लाट मागं गेली की तिच्या पाठी पळायचे, टोचे मारायचे, लाट आली की परत वर, आणि एवढ्या जवळून त्यांच्या पायाला मागचं बोट नसतं ते पण स्पष्ट दिसलं, पुस्तकात वाचलेलं पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. कालवफोड्याची लालभडक चोच तर लांबूनही ओळखू येते.

एक कळकळीची विनंती, थवा उठवू नका. त्याच दिवशी एकजण फोटोसाठी पळत गेला आणि सगळा थवा उडाला, परत टेकायला बराच वेळ लागला. भरतीत त्यांची विश्रांतीची वेळ असते आणि मार्च-एप्रिलमध्ये अंगावर साठवलेल्या चरबीवरच त्यांना थेट उत्तरेला जायचं असतं, सँडरलिंगला तर पार आर्क्टिकपर्यंत. आपल्या एका फोटोपायी ती चरबी उगाच जळते.

कुठल्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी अडकवलेली रंगीत पट्टी, म्हणजे फ्लॅग, दिसला तर रंग, अक्षरं आणि कुठल्या पायात ते लिहून घ्या. आणि द्वादशीला सातला किनाऱ्यावर हवं म्हणजे आदल्या दिवशी दुपारीच निघा, पोलादपूरचा घाट रात्री उतरू नका.