सातबारा एका सहीत जात नाही

वाचकांचे प्रश्न : रोजच्या मालिका, खऱ्या किती आणि भडक किती

या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांचा विषय एकच होता: रात्री सात ते साडेदहा घरात चालू असणाऱ्या मालिका. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

एका थपडेला अर्धा भाग लागतो. तेच तेच चेहरे तीन-तीनदा दाखवतात, वर वीज कडाडते. लेखकांना काही सुचत नाही म्हणून असं होतं का?
– गृहिणी, गेवराई

सुचत नाही म्हणून नव्हे, वेळ पुरत नाही म्हणून. हिशेब मांडून पाहा. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाला सहा. शीर्षकगीत, मागच्या भागाची उजळणी आणि पुढच्या भागाची झलक वजा केली की गोष्टीला वीस-बावीस मिनिटं उरतात. आठवड्याला सहा भाग धरले तर दोन तासांहून जास्त मजकूर झाला. म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा चित्रपट लिहायचा, चित्रित करायचा, जोडायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा कोऱ्या पानावर यायचं. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे, ही वाटणी त्यामुळेच पडली. तयार होऊन ठेवलेल्या भागांच्या साठ्याला या धंद्यात ‘बँक’ म्हणतात. बँक आटली की सकाळी हातात आलेले संवाद दुपारी कॅमेऱ्यासमोर म्हणावे लागतात.

अशा दिवशी थप्पड कामाला येते. घरातली सात माणसं, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन सेकंद, झाले एकवीस सेकंद. तेच आणखी दोनदा, त्यातलं एकदा संथगतीत, की मिनिटभर पडदा भरतो. त्यासाठी नवा संवाद लागत नाही, नवी जागा लागत नाही, दिवाणखान्याचा सेट हलवावा लागत नाही. मोंढ्यातला, म्हणजे बाजारातला, एक मिनिटाचा प्रसंग चित्रित करायचा तर गाड्या, परवानगी, गर्दी आणि अख्खा दिवस जातो. भडकपणा स्वस्त पडतो, हे त्याचं पहिलं कारण.

दुसरं कारण मोजणीचं. प्रेक्षकसंख्या मिनिटागणिक मोजून तिची सरासरी काढतात. ब्रेकमध्ये गेलेला प्रेक्षक परतला नाही तर सरासरी पडते. म्हणून ब्रेकच्या उंबऱ्यावर एक धक्का ठेवायचा, त्याला ‘हुक’ म्हणतात. भागाला दोन-तीन ब्रेक आणि एक शेवट धरला तर आठवड्याला वीसेक हुक लागतात. कुठल्याच खऱ्या घरात आठवड्याला वीस धक्के बसत नाहीत. मग दाराची कडी वाजली तरी ढोल-ताशे वाजतात, आणि ब्रेकनंतर दारात दूधवाला निघतो.

पूर्वीच्या मालिका खऱ्या वाटायच्या असं अनेक पत्रांत आहे. तिथेही हाच हिशेब लावावा. दूरदर्शनवरची ‘हम लोग’ जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या सतरा महिन्यांत सुमारे दीडशे भागांत संपली. आजची मालिका तेवढे भाग सहा महिन्यांत ओलांडते आणि संपायचं नाव घेत नाही. शेवट ठरलेला नसेल तर सुटलेला गुंता पुन्हा घालावाच लागतो. पूर्वीचे लेखक थोर आणि आताचे सुमार, असं यावरून म्हणणं अन्यायाचं होईल.

आम्ही गल्लीतल्या बायकांनी ठरवून एक मालिका महिनाभर बंद ठेवली. तिचा टीआरपी पडेल का?
– उदगीर

तुमच्यापैकी कुणाच्या घरी मोजणीचं यंत्र नसेल तर नाही. बार्क ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत यंत्र बसवते. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न जाणवणारी खूण ते यंत्र ओळखतं, आणि घरातलं कोण पाहतंय ते रिमोटच्या बटणावरून नोंदलं जातं. देशातल्या एकूण टीव्ही असलेल्या घरांच्या मानाने ही घरं फारच थोडी असतात आणि ती कोणती ते गुप्त ठेवतात. मराठी वाहिन्यांसाठी महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरला जातो. तुमच्या महिनाभराच्या निश्चयाचा उपयोग टीआरपीपेक्षा लेखी तक्रारीत जास्त होईल. ती कशी करायची ते पुढे कंधारच्या उत्तरात आहे.

मालिकेत सासऱ्याची फसवून सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळं शेत सुनेच्या नावावर. तेव्हापासून आमची माय बँकेच्या कागदावरसुद्धा अंगठा देईना. असं खरंच होतं का?
– शेतकरी, जिंतूर

फसवणूक होते, पण अशी नाही. शेतजमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. लिहून देणारा तिथे स्वतः हजर असतो, नाहीतर त्याने मुखत्यारपत्र दिलेला माणूस. त्याचा फोटो काढतात, अंगठ्याचा ठसा घेतात, ओळख पटवणारे दोन जण लागतात. एवढं झालं तरी सातबारा त्याच दिवशी बदलत नाही. तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस असतात. कुणी लेखी हरकत घेतली तर ती तक्रारी नोंद म्हणून सुनावणीला जाते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच नाव चढतं.

खरी लबाडी या पायऱ्यांच्या फटींत असते. म्हातारा माणूस ‘पेन्शनच्या कामाला’ म्हणून निबंधकाकडे नेला जातो. मुखत्यारपत्र न वाचता दिलं जातं. नोटीस घरी येते, ती घेणारा चौकटीतल्या देवामागे ठेवून देतो आणि पंधरा दिवस निघून जातात. आमच्या मते नाट्य आहे ते इथेच. नोटीस देवामागे आहे हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, म्हाताऱ्याला नाही आणि दिवस मोजून चाललेत. एवढ्यावर पटकथाकाराला दोन आठवडे ताण धरून ठेवता येईल, तेही एकदाही वीज न कडाडता.

भडक प्रसंग ओळखायची आमची खूण साधी आहे. घटना केवढी मोठी आहे ते पाहू नका, तिला किती दिवस लागले, किती पैसे लागले आणि दुसऱ्या दिवशी तिचं काय झालं ते पाहा. खून, फसवणूक, पळून जाणं हे खऱ्या आयुष्यातही असतं. पण खुनानंतर पंचनामा होतो, पोलीस चौकशी होते, तारखा पडतात, वकिलाची फी भरावी लागते. पहिली बायको हयात असताना आणि घटस्फोट झालेला नसताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्यात मुळातच रद्द ठरतं, शिवाय तो गुन्हा आहे. मालिकेत मात्र दोन्ही बायका एकाच स्वयंपाकघरात नांदतात आणि वकिलाचं नावही कुणी काढत नाही.

मायला एवढं सांगा: बँकेचा कागद वाचून घेऊन अंगठा द्यायला हरकत नाही. निबंधक कार्यालयात मात्र घरातलं विश्वासाचं माणूस बरोबर असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि दिवाळीनंतर, ऑनलाइन सातबारा काढून नावं तपासायची. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो.

एका मालिकेत साप चावलेल्या मुलीचं विष नवऱ्याने तोंडाने ओढून काढलं, देवीसमोर ठेवलं आणि ती उठून बसली. आठवड्यात आमच्या गावात चावलेल्या माणसाला आधी मंदिरात नेलं. याला आळा कसा घालायचा?
– आशा स्वयंसेविका, कंधार तालुका

तुमचं पत्र आम्ही सर्वांत गंभीर मानतो. सासू-सुनेच्या भांडणातला भडकपणा फार तर संध्याकाळ वाया घालवतो, हा भडकपणा माणूस मारू शकतो.

आधी देवीसमोर ठेवलेला माणूस का वाचतो ते गावात समजावून सांगा. चावणारे बरेच साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस कुठेही ठेवला तरी उठतो आणि श्रेय मांत्रिकाला जातं. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावून विष अंगात गेलं असेल तर औषध एकच: प्रतिविष, म्हणजे एएसव्ही. ते शिरेतून देतात, सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या. तोंडाने ओढून विष निघत नाही. जखम चिरल्याने रक्तस्राव वाढतो. आवळून बांधलेल्या दोरीने हातपाय निकामी होऊ शकतो. करायचं ते एवढंच: माणसाला चालू देऊ नका, चावलेला हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवा, अंगठी, बांगड्या, जोडवी लगेच काढा, १०८ ला फोन करा, आणि गाडीला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या.

आता लेखकांसाठी. मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा ना सूज येते ना दुखतं. माणसाला वाटतं किडा चावला. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, मग श्वास थांबू लागतो. झाकल्या पापण्यांकडे घरात फक्त एकाचं लक्ष जातं, हा प्रसंग कुठल्याही मंत्रापेक्षा थरारक आहे. दुसरा प्रसंग दवाखान्यातला, घोणस किंवा फुरसं चावलेल्याचा. रक्त गोठतंय की नाही हे बघायला डॉक्टर थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. वीस मिनिटांनी नळी तिरपी करतात. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. वीस मिनिटं, म्हणजे जवळजवळ मालिकेच्या एका भागाएवढा वेळ. नळी टेबलावर, घरची माणसं बाकावर, गाडीचं भाडं कुणी द्यायचं यावरून दबक्या आवाजात चाललेला वाद, आणि सगळ्यांची नजर घड्याळावर. हे लिहायला कुणाला पैसे जास्त लागणार नाहीत.

तक्रार अशी करा. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सहावा नियम म्हणजे कार्यक्रम संहिता. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवायचा नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. २०२१ मध्ये नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार तक्रारीचे तीन टप्पे आहेत. पहिली तक्रार वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. त्याचा पत्ता वाहिनीच्या संकेतस्थळावर असतो. पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करायचं. तिला ६० दिवसांची मुदत आहे. तिथेही पटलं नाही तर १५ दिवसांत केंद्र सरकारकडे.

बहुतेक तक्रारी मोघमपणामुळे पडतात. ‘मालिका वाईट आहे’ असं लिहिलं तर कुणी काही करू शकत नाही. वाहिनी, मालिका, तारीख, वेळ, ॲपवर तो भाग असेल तर नेमकं मिनिट, प्रसंगाचं दोन ओळींत वर्णन आणि नियम क्रमांक, एवढं लिहा. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचं अर्ध्या पानाचं मत जोडता आलं तर उत्तम. मागणीही नेमकी ठेवा: पुनःप्रसारणात तो प्रसंग वगळावा आणि प्रथमोपचाराची पट्टी दाखवावी.

मला मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबावर मालिका लिहायची आहे. सगळे म्हणतात, खरं लिहिलं तर कुणी बघणार नाही. कुठून सुरुवात करू?
– विद्यार्थिनी, लातूर

कॅलेंडरपासून. मालिकेतल्या शेतकऱ्याच्या घरात गणपती आणि दिवाळी येते, पेरणी येत नाही. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर करायची असते. तुमच्या कुटुंबाने घाई केली, पहिल्याच सरीवर चार एकर पेरलं. एकरी ३० किलोप्रमाणे १२० किलो बियाणं मातीत गेलं आणि पावसाने पाठ फिरवली. दुबार पेरणी आली. आता १२० किलो बियाण्याचे पैसे पुन्हा कुठून? घरात सोनं आहे ते दिवाळीनंतर ठरलेल्या बहिणीच्या लग्नाचं. ते मोडायचं हे थोरल्याने ठरवलं, आईला ठाऊक आहे, बहिणीला नाही. इथे खलनायिका लागत नाही. पीक निघायला साधारण शंभर दिवस लागतात, म्हणजे हे गुपित आत धरून तुमच्याकडे तीन महिन्यांची गोष्ट आहे, आणि आभाळाकडे पाहणारा प्रत्येक प्रसंग आपोआप हुक होतो.

मार्गशीर्षातली येळवस, म्हणजे अमावस्येला शेतात साजरा होणारा सण, हातची सोडू नका. वाटणी झालेले, बोलणं बंद असलेले दोन भाऊ त्या दिवशी काय करतात? बांध एक, कडब्याची खोप एक की दोन? भज्जी आणि आंबील कुणाच्या घरून येणार, उंडे कुणी केले? महासंगमासाठी, म्हणजे दोन मालिका जोडून केलेल्या खास भागांसाठी, चार दिवस लग्नाचा मांडव सजवण्यापेक्षा एका खोपीतल्या दोन पत्रावळी जास्त सांगतात. बीडचं कुटुंब घेतलं तर दसऱ्यानंतर घरातली निम्मी माणसं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातील आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततील. मुकादमाची उचल, मागे राहिलेली म्हातारी आणि लेकरं, शाळेतली गैरहजेरी हे सगळं त्या पाच-सहा महिन्यांत घडतं.

भाषेचं काम सर्वांत जास्त आहे. पडद्यावरची ‘गावाकडची’ भाषा बहुतेकदा कोल्हापूर-साताऱ्याकडून घेतलेली असते आणि ती मराठवाड्यातल्या पात्राच्या तोंडी सरळ घातली जाते. नांदेडकडचा माणूस ‘काय करलालास?’ विचारेल, जालना-परभणीकडचा ‘कामून?’ म्हणेल. दोघांना एकाच घरात जन्मलेले भाऊ करू नका. तालुका आधी ठरवा. संवाद लिहून झाले की त्या तालुक्यातल्या साठीच्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा आणि ती जिथे अडवेल ती ओळ तिच्या शब्दांत लिहून घ्या. पहिले दहा भाग पूर्ण लिहून, शेवटच्या भागाचं एक पान सोबत ठेवूनच निर्मात्याकडे जा. शेवट ठरलेला आहे हे त्याला पहिल्याच भेटीत सांगा.