पाहुणे बोलतात, मंडळी पळतात

प्रश्न : आमच्या फोटोग्राफी क्लबची दर महिन्याला बैठक असते. पाहुणे दोन-दोनशे फोटो दाखवतात आणि चहानंतर निम्मी मंडळी पसार होतात. काय करावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : पळणाऱ्यांत मीही असायचो, म्हणून सांगतो. पाहुण्यांना आधीच बजावा : फोटो पंचवीसच, त्यातले पाच फसलेले. वाघ कसा हुकला हे ऐकायला लोक थांबतात. फाइली एसआरजीबीमध्येच, म्हणजे बहुतेक पडद्यांना कळणाऱ्या रंगांच्या नेहमीच्या पद्धतीत, मागवा. आमच्या प्रोजेक्टरवर एकदा अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगछटांच्या पद्धतीतला गुलाल पार मळकट दिसला होता, पाहुणे बिचारे कासावीस!

आणि नावाजलेलाच माणूस कशाला हवा? आम्ही गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्या काकांना बोलावलं. ते जुनी निगेटिव्ह आणि टोकदार शिसपेन्सिल घेऊन आले. काचेखालून उजेड सोडला आणि निगेटिव्हमधल्या नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण आमच्यादेखत बुजवले. निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं असतं, म्हणून डाग तिथे फिका दिसतो; तिथे पेन्सिल फिरवली की प्रिंटवर तो उजळतो. ठिपका मोहरीएवढासुद्धा नव्हता. चहा गार झाला, कुणी उठलं नाही.

मानधन त्यांनी घेतलं नाही. तुम्ही निदान जाण्यायेण्याची रिक्षा तरी ठरवा, आम्ही विसरलो होतो.