सोलापुरात पहिलंच लॉन लावताय? मग आधी हरळी

कमी पाणी लागतं म्हणून बफेलो ग्रास लावायचं मनात असेल, तर तो नाद तूर्त सोडा. ते उत्तर अमेरिकेतल्या कोरड्या माळरानांचं गवत. कमी पाण्यावर जगतं हे खरं, पण ऑस्ट्रेलियात ज्याला बफेलो म्हणतात ते वेगळंच, जास्त पाणी पिणारं. नावाला भुलू नका, आपली हरळी घ्या. ऊन सोसते, तुडवली तरी फुटते. मात्र दिवसाला 6 तास थेट ऊन हवंच. कडुलिंबाखाली ती विरळच राहणार.

खरी मेहनत लावणीआधीची. जमीन वीतभर खणून लव्हाळा या चिवट तणाच्या मातीतल्या गाठी हातानं वेचा. वरून उपटलेला लव्हाळा गाठीतून परत येतो, आणि लॉन बसल्यावर काढणं महाकठीण. खणून झालं की पाणी द्या, 2-3 आठवडे थांबा, उगवेल ते पुन्हा काढा. नवखे नेमकी हीच पायरी गाळतात. काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून भिंतीपासून बाहेर हलका उतार ठेवा. शेणखत पूर्ण कुजलेलंच. कच्च्यातून तणाचं बी येतं.

पाऊस लागला की:

- हरळीच्या काड्यांचे 2-3 डोळ्यांचे (कोंब फुटतो त्या पेरांचे) तुकडे 4-4 इंचांच्या अंतरावर लावा, एक डोळा मातीबाहेर.
- रुजेपर्यंत माती ओली ठेवा. पुढे रोजचं शिंपडणं बंद! उन्हाळ्यात 4-5 दिवसांनी, पहाटे, खोल मुरेल इतकं पाणी.
- उंची 2 इंच झाली की दीडवर कापा. मे महिन्यात तळापर्यंत कापलं तर करपतं.

युरिया चौरस मीटरला 10 ग्रॅम, पावसाळ्यात महिन्यातून एकदा, टाकल्यावर लगेच पाणी. बाकीची खतं-औषधं पुढच्या वर्षी बघू.