आधी पाय, मग हात

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. गुलमर्गला स्कीइंग शिकून परत आल्यापासून लातुरात तुझे मन लागत नाही, पुढचा बर्फ पडायला अजून कितीतरी महिने आहेत आणि तोवर गोल्फ शिकावे असे तुला वाटते. मामा म्हणतात की हा निवृत्त अधिकाऱ्यांचा खेळ आहे. मैत्रिणी म्हणतात, एक ना धड, भाराभर चिंध्या. तुझी स्वतःची भीती अशी की गोल्फची सवय अंगी लागली तर स्कीइंगमधले वळण बिघडेल. आणि एवढे सगळे लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीत तू विचारतेस की ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, कोणता घ्यावा. हा शेवटचा प्रश्न निदान वर्षभर माझ्यापुढे काढू नकोस. मामांना आणि मैत्रिणींना तूच उत्तर देशील. राहिली तुझी भीती, तिच्याविषयी लिहितो.

गोल्फने स्कीइंग बिघडत नाही, कारण दोन्ही खेळांत शरीर एकाच क्रमाने चालते: आधी पाय, मग हात. स्नोप्लाउच्या, म्हणजे स्कीची पुढची टोके जुळवून वेग आवरण्याच्या पहिल्या धड्याच्या, पुढे गेल्यावर तुला खांदे उताराकडे शांत ठेवून वळण पायांतून काढायला शिकवले असेल. बाहेरच्या स्कीवर भार गेला की वळण येते, आणि खांदे फिरवून वळायला गेलीस तर स्कीची मागची बाजू घसरत जाते. गोल्फमध्येही क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी, वर नेल्यानंतर खाली येण्याची सुरुवात हातांनी करायची नसते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा भार प्रथम डाव्या पायावर येतो, मग कंबर वळते, तिच्यामागून खांदे येतात आणि हात व क्लब सर्वांत शेवटी. हातांनी किंवा खांद्यांनी पुढाकार घेतला की क्लब बाहेरून आत कापत येतो आणि चेंडू उजवीकडे वाहवत जातो. नवशिक्यांना छळणारी स्लाइस ती हीच.

भीतीसुद्धा दोन्हीकडे सारखीच वागते. समोर उतार दिसला की नवा माणूस डोंगराकडे मागे रेलतो, स्कीची पुढची टोके हलकी होतात आणि ताबा सुटतो. गोल्फमध्ये चेंडू हवेत उचलायचा म्हणून तोच माणूस मागच्या पायावर थांबून राहतो आणि क्लब चेंडूच्या आधी मातीत रुततो. चेंडू उचलण्याचे काम क्लबच्या तिरक्या तोंडाचे आहे, त्याची काळजी तू करू नकोस; तू पुढच्या पायावर जा. हे धाडस बर्फावर तू केलेले आहेस, आणि म्हणूनच तुझा हा गोंधळ मला सहन होत नाही. जी गोष्ट इतरांच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसतो, ती तू पायांत घेऊन आली आहेस आणि विचारतेस काय, तर ड्रायव्हर!

मला पहिल्यांदा गोल्फ शिकवणाऱ्या गृहस्थांनी सगळा उन्हाळा पकडीवर घालवला. करंगळी कुठे, अंगठा कुठे, मनगट किती वळवायचे, हेच चालले होते. पकड चुकली तर क्लबचे तोंड वाकडे होते हे खरे आहे आणि पकड मीही शिकवतो. पण बर्फावर उभे राहायला शिकलेला एक मुलगा त्यांच्यासमोर होता आणि त्याच्या पायांकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. पुढे माझा गुडघा गेला, बर्फ कायमचा सुटला, आणि त्या वेळी हाताशी जो तयार खेळ असायला हवा होता तो मला जवळजवळ मुळापासून शिकावा लागला. ती वर्षे गेली ती गेली. तुझ्याशी मी कठोर बोलतो ते त्या खंतीपोटी.

आता काय करायचे ते सांगतो. संध्याकाळी घराच्या गच्चीवर अनवाणी जा. पावसाचे पाणी पन्हाळीकडे जावे म्हणून प्रत्येक गच्चीला थोडा ढाळ दिलेला असतो, आणि तो इतका कमी असतो की डोळ्यांना दिसत नाही. डोळे मिटून उभी राहा, वजन दोन्ही पायांवर सारखे ठेव, आणि कोणत्या तळव्यावर, कोणत्या बोटांवर दाब जास्त येतो ते ओळख. ढाळ कुठे आहे हे मनाशी ठरले की मगच डोळे उघड आणि चेंडू ठेवून बघ. तो कुठे घरंगळतो त्यावरून तुझे पाय खरे की खोटे ते कळेल. उताराच्या सर्वांत तीव्र रेषेला तुम्ही बर्फावर फॉल लाइन म्हणता, तीच रेषा पटिंग करताना, म्हणजे चेंडू हलकेच भोकाकडे घरंगळवताना, शोधायची असते. चेंडूचा वेग मंदावला की तो तिच्याकडे झुकतो. इतर खेळाडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, उकिडवे बसून डोळ्यांनी जो उतार शोधतात, तो तुला उभ्या उभ्या तळपायांनी समजला पाहिजे. पार 72 च्या मैदानात, म्हणजे जिथे 18 होल 72 फटक्यांत पूर्ण व्हावेत अशी अपेक्षा असते तिथे, प्रत्येक होलला दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे 36. अर्धा खेळ तिथेच आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, ती काही लांब ड्राइव्ह मारून नव्हे. तिचे ड्राइव्ह इतरांपेक्षा आखूड पडत होते आणि तिला वर नेले ते पटिंगने.

सामान म्हणशील तर नियमाप्रमाणे पिशवीत 14 क्लब चालतात, पण तुला सध्या मध्यम अंतरासाठी एक सेव्हन आयर्न, जवळच्या उंच फटक्यासाठी एक पिचिंग वेज आणि ग्रीनवर एक पटर पुरे, तेही कुणाचे तरी वापरलेले. दोन्ही पाय जुळवून, सेव्हन आयर्नने, अर्ध्या ताकदीने मारत राहा. पाय जुळलेले असताना हातांनी झटका दिला की तोल तिथल्या तिथे जातो, त्यामुळे चूक दाखवायला शेजारी कुणी उभे राहावे लागत नाही.

लातुरात हिरवे मैदान नाही, हे तुझे रडगाणे मात्र मला पटत नाही. 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरव्या गवताच्या ग्रीनची अपेक्षा आपण ठेवूच नये, आणि तिची गरजही नाही. वाळूत तेल मिसळून, चोपून केलेल्या ब्राउनवर आपल्या देशातल्या कितीतरी छावण्यांमध्ये लोक खेळत आले आहेत. आम्ही अंबाजोगाईजवळच्या मुरमाड माळावर तेच केले, आणि 108 मिलिमीटर व्यासाचे भोक मुरमातही तितकेच छोटे असते. फक्त काळ्या रानात जाऊ नकोस. हरभरा निघाल्यावर त्या मातीला ज्या भेगा पडतात त्यांत चेंडू गेला की हात कोपरापर्यंत घातला तरी सापडत नाही, आणि शोधायला नियमाने मिळतात तीनच मिनिटे. 2019 पूर्वी पाच मिळत. पाऊस पडल्यावर तेच रान बुटाला असे धरते की पाय हलत नाही, आणि पाय हलला नाही तर आपला खेळच संपला. माळावर गुराखी असतात, लहान मुले असतात. पुढे कुणी दिसत असेल तर फटका मारायचा नाही, यात तडजोड नाही. पूर्ण 18 होलचे मैदान अनुभवायचे तर हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात आहे, पुण्याला येरवड्यात आहे. सवडीने जा, पण शिकण्यासाठी त्यांची वाट पाहत बसू नकोस. एवढ्यासाठी पुण्याला राहायला जायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाक.

गोल्फवर विसंबून मांड्यांचा व्यायाम सोडू नकोस. स्कीइंगमध्ये गुडघे वाकलेल्या स्थितीत मांड्यांना जो भार पेलावा लागतो, तो गोल्फमध्ये येत नाही. गोल्फचे पाय वेगळे, चालण्याचे: 18 होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल, आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावर घ्यायची. शिवाय हा एका बाजूने फिरणारा खेळ आहे, म्हणून शेवटी काही स्विंग डाव्या हाताच्या खेळाडूसारखे उलटे कर, नाहीतर कंबर कुरकुरू लागते. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताकडून एकटा गेलेला स्कीपटू आरिफ खान गुलमर्गच्या परिसरातलाच आहे. त्याच्या दाराशी बर्फ होता. आपल्या दाराशी मुरूम आहे, तेव्हा पाय जागते ठेवण्याची जबाबदारी आपल्यावर त्याच्यापेक्षा जास्त आहे.

लोक म्हणतात की मी हेकट आहे, मुलांना ड्रायव्हरला हात लावू देत नाही, म्हणून मुले माझ्याकडे टिकत नाहीत. काही गेली, हे खरे आहे. त्यांतली काही शहरात जाऊन भारी सेट घेऊन आली आणि आजही मागच्या पायावर उभी राहून मारतात. मी पाहिले आहे. मीही शहरात जाऊ शकलो असतो, तशी विचारणा झाली होती. मी राहिलो, कारण उघड्या माळावर खोटे पाय लपत नाहीत. मऊ गवतावर चेंडूच्या थोडे मागे लागलेला फटकासुद्धा कसाबसा निभावून जातो. मुरमावर तोच फटका मनगटापर्यंत झिणझिण्या आणतो आणि चेंडू दहा पावलांवर पडतो. असे गुरू फुकट मिळत असताना मी दुसरीकडे का जावे, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

आणि गुलमर्गला पुन्हा जाशील तेव्हा एकदा उन्हाळ्यात जा. हिवाळ्यात ज्या पठारावर बर्फ असतो, तिथेच उन्हाळ्यात सुमारे 2,650 मीटर उंचीवर 18 होलचा गोल्फ कोर्स उघडा होतो. ज्या जमिनीवर तू स्कीवर उभी राहायला शिकलीस तिच्या आसपासच तुला पट करता येईल, आणि दोन खेळ एकमेकांचे वैरी आहेत का, हे मला विचारावे लागणार नाही.

येत्या रविवारी पहिल्या एसटीने ये. सध्या नऊनंतर माळावर उभे राहवत नाही, म्हणून सातपर्यंत पोहोचलेले बरे. सपाट तळव्यांचे बूट घाल, टोपी आण, पाणी माझ्याकडे आहे. गच्चीचा ढाळ नेमका कोणत्या कोपऱ्याकडे आहे ते पायांना विचारून ये; आल्याबरोबर पहिला प्रश्न तोच असेल.

तुझे,
सर