कोलीन दिसलं नाही, एवढंच लिही

स्तनाच्या गाठीचे तू पाठवलेले दोन्ही स्पेक्ट्रम, म्हणजे एमआरआय यंत्राने काढलेले गाठीतल्या रसायनांचे आलेख, काल रात्री पुन्हा पुन्हा पाहिले. केमोआधी ३.२ पीपीएमला, आलेखावरच्या ठरलेल्या जागी, कोलीनचं (कॅन्सरच्या गाठीत वाढणाऱ्या रसायनाचं) शिखर ठसठशीत आहे, पहिल्या डोसनंतर तिथे काहीच नाही. "औषध लागू पडलं असं लिहू का?" विचारतेस. नको. आधी पाण्याच्या शिखराची रुंदी मोज. शिमिंग, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं, बिघडलं की पाण्याचं शिखर पसरतं आणि गाठीत असलेलं कोलीनही नॉइजमध्ये बुडतं. दिसलं नाही म्हणजे नाहीसं झालं, असं नव्हे.

मोह मला कळतो गं. गाठ आकसायला कित्येक आठवडे लागतात. आणि २००४ मध्ये मिनेसोटात ४ टेस्लाच्या एमआरआय यंत्रावर पहिल्या डोसनंतर २४ तासांतच कोलीनमधला फरक दिसला होता. ते वाचून मीही या कामात उडी घेतली.

आणि चुकले. एका बाईंची गाठ लहान झाली होती, मी मात्र व्हॉक्सेल, म्हणजे सिग्नल घेण्याची चौकट, पहिल्याच मापाचा ठेवला. निम्म्या चौकटीत चरबी आली, तिच्या सिग्नलच्या साइडबँड (बाजूला उमटणारी खोटी शिखरं) कोलीनच्या जागी घुसल्या, आणि मी "कोलीन घटलं" लिहून मोकळी झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या पॅथॉलॉजीत जिवंत कॅन्सर भरपूर निघाला. माझ्या आकड्यावरून उपचार ठरत नव्हते, ते नशीब. पण तो कागद मी अजून फाडलेला नाही.

तेव्हापासून खराब स्पेक्ट्रम मी बाजूला काढते. "केसेस वाया घालवते" म्हणून खूप ऐकून घेतलंय. घालवते! एसीआरआयएन ६६५७ या बहुकेंद्री अभ्यासाच्या कोलीन मोजण्याच्या भागात ११९ जणी होत्या, कोलीनवरून केमोचा परिणाम कळतो का या मुख्य प्रश्नासाठी कामाला आल्या फक्त २९. त्यांनी ते तसंच छापलं. मग माझा हट्ट चुकीचा कसा? तुझ्या बारापैकी पाच उरल्या तर पाच म्हण. तक्त्यात शून्य भरू नकोस, "मोजता आलं नाही" लिही. शून्य हे मोजमाप असतं, तू तर काही मोजलेलंच नाहीस. हे तिसऱ्यांदा सांगतेय, रागावू नकोस.

आता पाणी न दाबलेला (पाण्याचं शिखर दाखवणारा) स्पेक्ट्रम, दोन्ही वेळच्या व्हॉक्सेलच्या जागेची चित्रं आणि बायोप्सीची क्लिप, म्हणजे गाठीत खूण म्हणून ठेवतात तो धातूचा तुकडा, मधल्या काळात बसवली होती का, एवढं पाठव. क्लिप जवळ असेल तर तिच्या धातूनेच क्षेत्र बिघडतं, शिमिंगचा दोष तुझा नाही. रविवारी सकाळी मी मोकळी आहे, सोबत बसून बघू.