जर्मनीत शिकतोय. ईस्टरच्या सुट्टीत नेदरलँड्सला बहिणीकडे जायचंय. वेगळा व्हिसा लागतो का आणि कसं जावं?

व्हिसा लागत नाही. त्यापेक्षा आधी ताईला फोन करून एक विचारा: तिला शुक्रवारी सुट्टी आहे का?

तुम्ही डार्मश्टाटला मास्टर्स करताय, ताई-भाऊजी उट्रेख्टला राहतात आणि गुड फ्रायडे ते ईस्टर मंडे असे सलग चार दिवस मोकळे आहेत, असं प्रश्नात लिहिलंय. ते चार दिवस जर्मनीचे आहेत. नेदरलँड्समध्ये ईस्टर मंडेला सरकारी सुट्टी असते, गुड फ्रायडेला नाही. तिथली बरीच ऑफिसं त्या दिवशी सुरू असतात. माझी नणंद तिकडेच राहते. आम्ही शुक्रवारी दुपारी तिच्याकडे थडकलो, तर ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून मीटिंगमध्ये! दार तिच्या सात वर्षांच्या मुलाने उघडलं, तोंडावर बोट ठेवून. मग संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं बोलणं स्वयंपाकघरात, कुजबुजत. तेव्हापासून शुक्रवारचा दिवस आम्ही आरामात निघण्यासाठी ठेवतो.

आता कागदपत्रं. जर्मनीच्या रेसिडन्स परमिटचं कार्ड मुदतीत असेल, तर बाकीच्या शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेले युरोपीय देश) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं. कार्ड अजून हातात आलं नसेल पण पासपोर्टवरचा डी-व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा, चालू असेल, तरी हेच लागू. घोळ होतो तो मधल्या काळात, म्हणजे जुनं संपलंय, नवं आलेलं नाही आणि फॉरेनर्स ऑफिसने हातात फक्त तात्पुरतं प्रमाणपत्र दिलंय अशा वेळी. ज्याला इथे सगळे ‘फिक्शन’ म्हणतात तेच. त्यावर जर्मन रेसिडन्स कायद्याच्या कलम 81 चा कोणता परिच्छेद लागू केलाय ते नीट बघा. चौथा असेल, तर पासपोर्ट आणि मुदत संपलेलं कार्ड किंवा व्हिसा सोबत ठेवून परत येता येतं. तिसरा असेल, तर यंदा ताईलाच इकडे बोलवा. गंमत करत नाहीये. त्या कागदावर देशाबाहेर पडलात तर परत यायला तो चालत नाही.

‘शेंगेनमध्ये कोण तपासतंय’ असं मित्र सांगतील. तपासतात. जर्मनीने 16 सप्टेंबर 2024 पासून जमिनीवरच्या सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली, डिसेंबर 2024 मध्ये नेदरलँड्सनेही. रोज प्रत्येकाला विचारतात असं नाही, पण गाडीत पोलीस चढले तर मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड हातात हवं. मोबाईलमधला फोटो दाखवून भागत नाही.

प्रवास सोपा आहे. डार्मश्टाटहून फ्रँकफर्टपर्यंत लोकल गाडीने या, तिथे डॉइचलँडटिकीट (लोकल गाड्या-बसचा महिन्याचा पास) चालतं. पुढे फ्रँकफर्ट ते अॅमस्टरडॅम थेट आयसीई, म्हणजे जर्मनीची जलद गाडी, आहे, ती कोलोन, ड्युसेलडॉर्फ, आर्नहेम करत उट्रेख्टला थांबते. साधारण साडेतीन तास. या गाडीत डॉइचलँडटिकीट चालत नाही, वेगळं तिकीट काढावंच लागतं, आणि ईस्टरला जितका उशीर कराल तितकं महाग पडतं. सीटचं आरक्षण वेगळे पैसे देऊन करा. एरवी मी ते पैसे वाचवते, पण सुट्टीच्या गर्दीत दाराजवळ बॅगेवर बसून कोलोनपर्यंत जायची हौस असेल तरच वाचवावेत. स्वस्तातलं सेव्हर तिकीट ठराविक गाडीलाच बांधलेलं असतं. मात्र मुक्कामी 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, तर ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचे 25 टक्के आणि दोन तास झाला तर 50 टक्के परत मागता येतात.

उट्रेख्ट स्टेशनवर बाहेर पडायला गेट असतं, जर्मनीत त्याची सवय नसते. तिकिटावरचा कोड तिथे धरला की उघडतं, म्हणून उतरायच्या आधी मोबाईलची बॅटरी बघा. शहरातल्या बस-ट्रामला वेगळं कार्ड काढायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. फक्त उतरताना पुन्हा टेकवायला विसरू नका.

चाकांची मोठी सूटकेस नेऊ नका. डच घरांचे जिने शिडीला लाजवतील इतके उभे असतात आणि पायरीवर अर्धंच पाऊल मावतं. पाहुण्यांची खोली हमखास वरच्या मजल्यावर. भाऊजी ‘द्या इकडे’ म्हणत सूटकेस उचलतील, वळणावर अडकतील आणि दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. पाठीवरची सॅक पुरे.

ट्युलिप बघायला क्युकेनहोफला जायचं मनात असेल, तर ते साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत उघडं असतं. पण ईस्टरच्या शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा माणसं जास्त दिसतात. ताईच्या घराजवळच्या कालव्याकाठी चालत गप्पा मारलेल्या जास्त बऱ्या, असं माझं मत.

आणि परतीचं तिकीट सोमवारी संध्याकाळचं काढू नका. अख्खी जर्मनी तेव्हाच घरी निघते. 2026 मध्ये ईस्टर मंडे 6 एप्रिलला आहे आणि इथल्या बहुतेक विद्यापीठांची उन्हाळी सत्राची लेक्चर्स एप्रिलच्या मध्याला सुरू होतात, तेव्हा तुम्हाला मंगळवारी निघायला हरकत नसावी. सोमवारी रात्री परतलात तर दुकानंही बंदच मिळतील. मंगळवारी सकाळी ताई ऑफिसला गेली की घराची किल्ली कुठे ठेवायची, तेवढं आदल्या रात्री विचारून घ्या.